दंतभंग

दंतभंग म्हणजे आघातामुळे, अति दाबामुळे किंवा किडीने पोखरल्यामुळे दाताचा काही भाग तुटणे, दाताला तडा जाणे अथवा दात मुळापर्यंत दुभंगणे होय. बोलीभाषेत यास दाताचा टवका उडणे, दात मोडणे, दाढ फुटणे असे म्हणतात. लहानसा टवका उडालेल्या दातावर एका भेटीतही उपचार होऊ शकतो. दाताचा मोठा भाग गेला असल्यास मात्र तो राखावा की काढावा, असा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर दात आरशात किती मोडलेला दिसतो यावरून मिळत नाही. हिरडीच्या वर निरोगी दाताचा किती भाग उरला आहे, भंगाची रेषा जबड्याच्या हाडाच्या तुलनेत कोठे संपते आणि मूळ शाबूत आहे की नाही, या तीन बाबींवर ते प्रामुख्याने अवलंबून असते.

दाताची रचना

हिरडीबाहेर दिसणाऱ्या दाताच्या भागास दंतशिखर आणि जबड्याच्या हाडात रुतलेल्या भागास मूळ म्हणतात. दंतशिखरावर दंतवल्काचे म्हणजेच एनॅमलचे आवरण असते. दंतवल्क हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून त्याचा वजनाने सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. कठीण असला तरी तो ठिसूळ असतो. त्याच्या आत दंतिन हा काहीसा लवचीक थर असतो. दंतिनात अतिसूक्ष्म नलिका असतात व त्यांच्यामार्फत थंड, गरम, गोड यांची संवेदना आत पोहोचते. दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी युक्त असा मऊ पल्प असतो. मुळाभोवती तंतूंचे पातळ अस्तर असते. हे परिदंत अस्तर दाताला हाडाशी बांधून ठेवते आणि चावण्याचा धक्का झेलते.

हाड मोडल्यास शरीर ते सांधते; दंतवल्काच्या बाबतीत तसे घडत नाही. दंतवल्क निर्माण करणाऱ्या पेशी दात तोंडात उगवेपर्यंत नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे तुटलेला दंतशिखराचा भाग आपोआप भरून येत नाही आणि गेलेल्या भागाची जागा कृत्रिम पदार्थानेच भरावी लागते.

कारणे

पुढचे दात प्रामुख्याने पडणे, वाहनाचा अपघात, खेळातील धक्का किंवा मारहाण यांमुळे तुटतात. वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात सर्वाधिक वेळा जखमी होतात. हे दात पुढे आलेले असल्यास धोका वाढतो.

दाढा तुटण्याची कारणे वेगळी असतात. मोठी कीड, जुना मोठा भराव किंवा रूट कॅनॉल उपचारानंतर कॅप न बसवलेली दाढ यांच्या भिंती पातळ झालेल्या असतात. अशा दाढेखाली भाकरीतला किंवा भातातला एखादा खडा आला, तरी ती फुटू शकते. सुपारी फोडणे, दाताने ऊस सोलणे, बर्फ चावणे, बाटलीचे झाकण दातांनी उघडणे या सवयींचा भारही दाढांवर पडतो. झोपेत दात खाण्याच्या सवयीमुळे वर्षानुवर्षे सूक्ष्म तडे वाढत जातात व एके दिवशी साधा घास चावताना दाढेचा कंगोरा निखळतो.

प्रकार

भंगाची खोली आणि दिशा यांनुसार पुढील प्रकार केले जातात :

1. दंतवल्काचा भंग : केवळ बाहेरचा टवका उडतो. वेदना सहसा नसते. कड मात्र जिभेला टोचते.
2. दंतवल्क व दंतिन यांचा भंग : आतील पिवळसर थर उघडा पडतो व दात शिवशिवतो.
3. पल्प उघडा पडणे : तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसतो किंवा रक्त येते.
4. शिखर–मूळ भंग : रेषा दंतशिखरातून हिरडीखाली मुळापर्यंत तिरकी जाते.
5. मुळाचा आडवा भंग : मूळ हाडाच्या आत आडवे मोडते. बाहेरून दात अखंड दिसतो, पण हलतो.
6. मुळाचा उभा भंग : मूळ लांबीच्या दिशेने चिरते. रूट कॅनॉल झालेल्या दातांत हा अधिक आढळतो.
7. तडा गेलेला दात : तुकडा सुटलेला नसतो, चावताना, विशेषतः घासावरचा दाब सोडताना, क्षणभर तीव्र कळ येते.

अपघातात दात न मोडता मुळासकट बाहेर येतो, तेव्हा त्यास दात निखळणे म्हणतात. तो तांत्रिकदृष्ट्या दंतभंग नसला, तरी तातडीची काळजी सांगताना त्याचा विचार सोबतच केला जातो.

तातडीची काळजी

दुखापतीनंतर बेशुद्धी, उलट्या, जबडा न मिटणे किंवा न थांबणारा रक्तस्राव असल्यास प्रथम रुग्णालय गाठणे आवश्यक असते. दाताचा विचार त्यानंतर करावा लागतो. तोंड कोमट पाण्याने धुऊन हिरडीतील रक्तस्रावावर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरतात. सुजेवर गालाच्या बाहेरून थंड शेक दिला जातो. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर ठेवण्याची प्रथा घातक आहे. त्यामुळे हिरडीची त्वचा भाजते. तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवल्यानेही जखमेला अपाय होतो.

तुटलेला तुकडा शोधून पाण्यात किंवा दुधात ओलसर ठेवून दंतवैद्याकडे न्यावा, कारण तोच तुकडा पुन्हा चिकटवता येण्याची शक्यता असते. तुकडा सापडत नसेल आणि ओठ फाटला असेल, तर तो ओठात रुतला आहे का हे तपासले जाते. तो श्वासमार्गात गेल्याची शंका असल्यास छातीचा एक्स-रे काढला जातो.

कायमचा दात मुळासकट निखळल्यास वेळेला फार महत्त्व असते. मुळावरील परिदंत अस्तराच्या पेशी कोरड्या हवेत सुमारे 60 मिनिटांत मृत होतात. म्हणून दात मूळ न धरता शिखराकडून उचलावा, माती लागली असल्यास दूध, सलाईन किंवा लाळेने हलकेच धुवावा आणि शक्य असल्यास लगेच खोबणीत परत बसवावा. त्यानंतर रुग्णाने रुमाल चावून तो जागी धरून ठेवावा. तसे करणे शक्य नसेल, तर दात दुधात ठेवून न्यावा. साधे पाणी दीर्घकाळ ठेवण्यास अयोग्य असते. मूळ घासणे, कोरडे पुसणे किंवा कागदात गुंडाळणे टाळावे. दुधाचा दात निखळल्यास तो परत बसवत नाहीत, कारण खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. जखमेत माती गेली असल्यास धनुर्वाताच्या लसीची गरज तपासली जाते.

निदान

दंतवैद्य दात ठोकून, हलवून आणि थंड पदार्थाच्या स्पर्शाने पल्पची संवेदना तपासतात. अपघातानंतर काही आठवडे पल्प जिवंत असूनही प्रतिसाद देत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या नकारात्मक चाचणीवरून पल्प मेला असा निष्कर्ष काढला जात नाही. मुळाचा आडवा भंग एकाच कोनातील एक्स-रेत निसटू शकतो, म्हणून वेगवेगळ्या कोनांतून चित्रे घेतली जातात. गुंतागुंतीच्या प्रसंगी त्रिमितीय स्कॅन उपयोगी ठरतो. उभा तडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही. त्याचा शोध रंगद्रव्य लावून, प्रकाशझोत टाकून, एकेका कंगोऱ्यावर चावायला लावून आणि हिरडी व दात यांमधील फट मोजून घेतला जातो. एकाच अरुंद जागी खोल गेलेली फट हे मुळाच्या उभ्या भंगाचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते.

दात वाचण्याची शक्यता ठरवणारे घटक

कॅप दातावर टिकून राहण्यासाठी तिच्या कडेला निरोगी दाताची भिंत लागते. हिरडीच्या वर सर्व बाजूंनी सुमारे 1.5 ते 2 मिलिमीटर उंचीची भिंत शिल्लक असेल, तर बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव जशी लाकूड आवळून धरते, तशी कॅप दाताला आवळून धरते. ही पकड नसल्यास चावण्याचा सगळा ताण मुळावर येतो. परिणामी कॅप वारंवार निघते किंवा मूळ चिरते.

दुसरा घटक हाडापासूनच्या अंतराचा आहे. हाडाची कड व हिरडीची खोबण यांच्या दरम्यान ऊतींचा सुमारे 2 मिलिमीटर उंचीचा पट्टा दाताला चिकटलेला असतो. कॅपची कड या पट्ट्यात घुसवली, तर हिरडी कायम सुजलेली राहते व हाड झिजते. त्यामुळे हाडाच्या कडेजवळ किंवा त्याखाली गेलेला भंग थेट कॅपने झाकता येत नाही.

मुळाची लांबी, हिरडीचा आजार, दाताचे स्थान, रुग्णाचे वय, मधुमेहावरील नियंत्रण आणि धूम्रपान यांचाही विचार केला जातो. हाडांच्या ठिसूळपणावर किंवा कर्करोगावर बिसफॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्या रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो. अशा रुग्णांत मूळ राखण्यास अधिक महत्त्व येते.

दात राखण्याचे उपचार

भराव व तुकडा चिकटवणे : भंग दंतवल्क व दंतिनापुरता असेल, तर दाताच्या रंगाचा कॉम्पोझिट भराव किंवा मूळचा तुकडा चिकटवला जातो. दंतवल्कावर सौम्य आम्ल लावून त्यास सूक्ष्म खरखरीतपणा आणल्यास राळ घट्ट चिकटते, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 साली दाखवून दिले. आजच्या चिकट भरावांचा पाया या शोधात आहे.

पल्पचे रक्षण : पल्प थोडाच उघडा पडला असल्यास त्याचा वरचा बाधित थर काढून उरलेल्या जिवंत भागावर कॅल्शियमयुक्त औषधी सिमेंट बसवतात. मुळाची वाढ अपुरी असलेल्या मुलांच्या दातांत हा उपचार विशेष मोलाचा असतो, कारण पल्प जिवंत राहिल्यास मूळ पूर्ण वाढते.

रूट कॅनॉल : पल्प मृत किंवा संसर्गग्रस्त झाल्यास तो काढून मुळातील नलिका स्वच्छ करतात आणि गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनलेल्या पदार्थाने भरतात. लाळेतील जंतू आत जाऊ नयेत म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावण्याची पद्धत आहे. या उपचाराने संसर्ग जातो, पण तुटलेला दात मजबूत होत नाही. त्यासाठी वरचे बांधकाम करावे लागते.

पोस्ट, गाभा व कॅप : दंतशिखराचा बराच भाग गेला असल्यास मुळात तंतुकाच किंवा धातूचा खुंट बसवून त्यावर गाभा उभारतात व शेवटी कॅप घालतात. मुळाच्या टोकाशी 4 ते 5 मिलिमीटर गटापर्चा तसाच ठेवला जातो, म्हणजे तेथील बंदिस्ती टिकते. खुंटाने मूळ बळकट होते, हा समज चुकीचा आहे. खुंट केवळ गाभ्याला आधार देतो. त्यासाठी मूळ अधिक पोखरल्यास ते उलट कमकुवत होते. म्हणून पुरेशा भिंती शिल्लक असलेल्या दाढेत खुंट टाळला जातो.

हिरडी व हाड खाली घेणे : भंगाची कड हिरडीखाली दडली असल्यास छोट्या शस्त्रक्रियेने हिरडी व थोडे हाड कमी करून ती उघडी करता येते. मागच्या दाढांसाठी ही पद्धत सोयीची आहे. पुढच्या दातांत तिच्यामुळे दात शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसतो.

मूळ बाहेर ओढणे : तार आणि रबर यांच्या साहाय्याने हलका, सतत ताण देऊन मूळ काही आठवडे ते काही महिन्यांत हळूहळू खाली किंवा वर आणले जाते. पुरेशी निरोगी भिंत हिरडीबाहेर आली की कॅप बसवतात. पुढच्या दातांचे सौंदर्य राखण्यास ही पद्धत उपयुक्त ठरते. मात्र मूळ लांब असणे आवश्यक असते.

मुळाच्या आडव्या भंगावरील आधार : तुकडे जागेवर बसवून शेजारच्या दातांना लवचीक तारेने साधारण 4 आठवडे बांधतात. भंग हिरडीजवळ असल्यास हा काळ 4 महिन्यांपर्यंत वाढू शकतो. अशा अनेक दातांत पल्प जिवंत राहतो व रूट कॅनॉलची गरज पडत नाही.

दात काढण्याचे प्रसंग

एकमुळी दाताचे मूळ उभे चिरले असल्यास तो राखण्याचा विश्वासार्ह मार्ग सहसा उरत नाही. चिरेतून जंतू शिरत राहतात आणि भोवतालचे हाड झिजते. अनेक मुळे असलेल्या दाढेत एकच मूळ चिरले असेल, तर तेवढे मूळ कापून उर्वरित दाढ वापरता येते. भंग हाडाखाली खोल गेलेला असणे, मूळ आखूड असणे किंवा हिरडीच्या आजाराने आधार गमावलेला असणे, ही दात काढण्याची अन्य कारणे होत. ज्या दाताचे भवितव्य अनिश्चित असते, तो दीर्घकाळ तसाच ठेवल्यास संसर्गाने हाड घटते व पुढे कृत्रिम दातासाठी जागा अपुरी पडते. म्हणून दात राखण्याचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो, तसाच तो काढण्याचाही.

दात काढल्यानंतरचे पर्याय

काढघालीची कवळी : खर्च व वेळ सर्वांत कमी लागतो आणि शेजारचे दात फारसे घासावे लागत नाहीत. चावण्याची शक्ती मात्र कमी मिळते.

ब्रिज : दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर जोडकॅप बसवतात व मधला कृत्रिम दात त्यांना जोडलेला असतो. काही आठवड्यांत काम पूर्ण होते. शेजारचे दात निरोगी असल्यास ते घासले जाणे हा याचा मोठा तोटा आहे.

इम्प्लांट : जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात उभारतात. हाड टायटॅनियमशी थेट एकजीव होते, या निरीक्षणावर स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी ही पद्धत विकसित केली व 1965 साली पहिल्या रुग्णावर वापरली. शेजारचे दात घासावे लागत नाहीत. हाड एकजीव होण्यास सामान्यतः 3 ते 6 महिने लागतात. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह व अस्वच्छता यांमुळे इम्प्लांटभोवतीही हाड झिजते. त्यामुळे योग्य रीतीने राखता येणारा स्वतःचा दात केवळ इम्प्लांटसाठी काढणे समर्थनीय मानले जात नाही.

जागा रिकामी ठेवणे : अगदी मागची दाढ असल्यास हाही पर्याय असतो. इतर ठिकाणी शेजारचे दात कलतात व समोरचा दात लांब होतो.

मुलांमधील दंतभंग

जबड्याची वाढ सुरू असताना इम्प्लांट बसवत नाहीत. तो हाडाशी जखडलेला असल्याने भोवतालचे दात पुढे सरकतात व तो मागे राहतो. अशा वयात तुटलेले मूळही काही वर्षे टिकवणे हिताचे असते, कारण त्यामुळे हाडाची रुंदी राखली जाते. काही मुलांत एखादी उपदाढ काढून ती पुढच्या रिकाम्या जागी रोवण्याचा पर्याय वापरला जातो.

प्राचीन उल्लेख

दात दोनदा जन्मतात म्हणून संस्कृतात त्यांना 'द्विज' असेही म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात आघाताने हललेल्या दातांचा विचार आहे. तरुण रुग्णाचे न मोडलेले पण हललेले दात दाबून जागी बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा आणि कमळाच्या नाळेतून दूध पाजावे, असे तेथे सांगितले आहे. वृद्धाचे हललेले दात मात्र उपचारास वर्ज्य मानले आहेत. दात जागी बसवणे, त्यावर भार येऊ न देणे आणि वयानुसार निर्णय बदलणे ही तत्त्वे आजच्या उपचारांतही आढळतात.

नाशिकमधील शिक्षण व उपचार

महाराष्ट्रातील दंतशिक्षणाच्या दृष्टीने नाशिकला विशेष स्थान आहे. 1998 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिक येथे दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. राज्यातील अनेक दंत महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न असून त्यांच्या पदवी व पदव्युत्तर परीक्षा विद्यापीठ घेते. शहरात पंचवटी येथे महात्मा गांधी विद्यामंदिर संस्थेचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील धामणगाव येथे एसएमबीटी संस्थेचे दंत महाविद्यालय आहे.

गंभीर दंतभंगाच्या उपचारात एकाहून अधिक शाखांचा सहभाग असतो : रूट कॅनॉल, हिरडीची शस्त्रक्रिया, तारेचे उपचार, कॅप व ब्रिज, मुखशल्यक्रिया आणि बालदंतचिकित्सा. दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयांत या शाखा एकाच ठिकाणी असतात. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. त्यामुळे शुल्क सामान्यतः खासगी दवाखान्यांपेक्षा कमी आणि लागणारा वेळ अधिक असतो.

सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतून शहर गाठण्यास बराच वेळ लागतो. निखळलेल्या दाताच्या बाबतीत 60 मिनिटांची मर्यादा प्रवासातच संपू शकते. त्यामुळे शाळेतील शिक्षक, आश्रमशाळांचे कर्मचारी व पालक यांना दात जागच्या जागी परत बसवण्याची किंवा दुधात ठेवण्याची माहिती असणे उपचाराइतकेच महत्त्वाचे ठरते. रूट कॅनॉल व कॅपसाठी अनेक फेऱ्या कराव्या लागत असल्याने दूरच्या रुग्णाला दात काढणे सोपे वाटते. पुढे रिकाम्या जागेवरील उपचारासाठी मात्र बहुधा त्याहून अधिक फेऱ्या व खर्च करावा लागतो.

प्रतिबंध

दाताने कठीण वस्तू फोडणे टाळणे, किडीवर वेळेत उपचार करणे आणि रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर विनाविलंब कॅप बसवणे हे प्रमुख उपाय होत. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री वापरण्याचे प्लास्टिकचे आवरण दिले जाते. मुष्टियुद्ध, हॉकी, कबड्डी अशा खेळांत मुखरक्षक वापरल्यास पुढच्या दातांना होणारी इजा कमी होते. दुचाकीस्वारांसाठी हनुवटीसह संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट अर्ध्या हेल्मेटपेक्षा जबडा व दात यांचे अधिक रक्षण करते. पुढे आलेल्या दातांवर लहान वयात तारेचा उपचार केल्यास आघाताचा धोका घटतो. आघात झालेला दात दुखत नसला, तरी त्याची पुन्हा तपासणी आवश्यक असते. पल्प मृत झाल्याचे किंवा मूळ झिजू लागल्याचे काही वेळा अनेक महिन्यांनी लक्षात येते.